फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहा

एक सज्जन माणूस माझ्या आत्म्याचा उद्धार करायला बसला असताना मी त्याचं व्याकरण सुधारलं. ही चूक माझी. तिच्यात दुसरा वाटेकरी नाही. आमची ही आतल्या खोलीत हसली हे खरं, पण माझ्यानंतर.

हा सज्जन माणूस म्हणजे शमुवेल काळोखे. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा ते नगरकडून बदली होऊन पनवेलला आले आणि पहिल्याच आठवड्यात निम्म्या गावाला येशू ख्रिस्ताविषयी सांगून मोकळे झाले. उरलेलं निम्मं गाव त्यांनी पुढच्या आठवड्यात घेतलं. टांगेवाला झाला, दूधवाला झाला, खाडीवर मचव्यातून उतरणारे खलाशी झाले. पळस्प्याला जिथे गोव्याची सडक पुण्याच्या सडकेपासून फुटते, तिथे ते रविवारची उपासना आटोपून मुद्दाम जाऊन उभे राहत. माणसापुढे दोन वाटा असतात, हे तिथे वेगळं पटवून द्यावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"बाबा, तुमची वाट कोणती?" ते कळवळून विचारत.

"पेणची," समोरचा सांगे, आणि मोटार आली की चढे.

आडनाव काळोखे आणि धंदा उजेड पाडण्याचा, हा विनोद मी त्यांना पहिल्याच भेटीत ऐकवला. मला वाटलं, मला सुचला. "खचित," ते म्हणाले. "आमच्या शाळेचा शिपाईसुद्धा हाच करी."

हे 'खचित' त्यांच्या तोंडी कायमचं बसलं होतं. त्यांचं मराठी शाळेत कमी आणि जुन्या धर्मपुस्तकात जास्त वाढलेलं. चहा घेणार का, खचित. उद्या सुटी आहे का, खचित. एकदा आमच्या हिने जेवायला वाढताना भीत भीत विचारलं, "आमटी खारट झालीय का हो?" तर त्यालाही खचित. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम.

पण पोटासाठी ते करत काय, हे सांगितल्याशिवाय त्यांची खरी अडचण कळायची नाही. ते सरकारी नोकरीत होते आणि खेडोपाडी फिरून देवी टोचत. पोटाला देवी आणि जिवाला देव, असा त्यांचा संसार. आपल्या भाषेने एका रोगाला देवी म्हणून ठेवलंय, त्याचा त्रास त्यांच्याइतका कोणालाच झाला नसेल. बेलपाड्याच्या अंगाला एका गावात ते पहिल्यांदा गेले आणि वेशीवर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "मी देवी काढायला आलो आहे." लस टोचण्याला आपण सगळे देवी काढणंच म्हणतो, त्यांची काही चूक नव्हती. पण माणूस ख्रिस्ती आहे ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. घटकाभरात देवळापुढे तीस-चाळीस माणसं दांडकी घेऊन उभी.

"आमची देवी कनाला काढतंस?" एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली. "ती तिच्या देवलान बसलीय. तुजं काय खाल्लं तिनं?"

"बाई, काढायला नव्हे," शमुवेलराव घाईने म्हणाले. "टोचायला."

यानंतर जे झालं त्याचा वण त्यांच्या कपाळावर होता. तो लोकांना दाखवून ते म्हणत, "मी सगळ्या गावाला टोचतो, त्या गावाने मला टोचलं." त्याच म्हातारीच्या सगळ्या नातवंडांना पुढे त्यांनीच टोचलं.

आता तुम्हाला वाटेल, हातात सरकारी सुई, समोर घाबरलेला माणूस, म्हणजे धर्म सांगायला याहून चांगली वेळ कोणती? शमुवेलराव ती वेळ कधीच घेत नसत. हातात टोचणी असेतो देवाचं नाव काढायचं नाही. "भ्यालेला माणूस कशालाही हो म्हणतो, गुरुजी. ते हो देवाला चालत नाही." काम संपलं की ते पेटी बंद करत, हात धुवत, वर दुमडलेल्या बाह्या खाली सोडत आणि मनगटाची बटणं लावत. मग म्हणत, "आता सरकार गेलं." आणि सुरू करत. गावोगावच्या लोकांना हे इतकं पाठ झालं होतं, की बाह्या खाली यायला लागल्या की माणसं उठायला लागत. दुसरं बटण लागेतो समोर एखादा म्हातारा उरे, आणि तोही ऐकू येत नाही म्हणून.

त्यांच्याकडे सायकल होती, पण ती ते हातात धरून चालवत. सायकलवर बसलं की माणसं मागे पडतात, म्हणून.

एवढं करून किती जण त्यांच्या वाटेला लागले? मोजायला मला आवडत नाही, पण मोजावं लागतही नाही. एकही नाही. "पेरणं माझं," ते म्हणत, "उगवणं माझ्याकडे नाही." नुसतं पेरत राहणाऱ्या माणसाची मी मनातल्या मनात कीव करी. मी स्वतः शाळेत पंधरा वर्षं शुद्धलेखन पेरत होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मिठागरावर ते मला घेऊन गेले, ती गोष्ट सांगतो. झालं असं, की मीच फुशारकी मारली होती. म्हटलं, आगरी बोली मला येते, तुमचं पुस्तकी मराठी त्यांना कळत नाही, मी दुभाषा होतो. 'आहे'चं 'हाय' आणि 'नाही'चं 'नाय' केलं की झाली बोली, अशी माझी समजूत. मिठागरावर हाशा म्हात्रे नावाचे एक म्हातारे मीठ ओढत होते. गुडघ्यापर्यंत पाय मिठाने खाल्लेले. शमुवेलरावांनी बाह्या सोडल्या, बटणं लावली आणि सांगायला लागले, की चांगला माणूस हा जगात मिठासारखा असतो, पण मिठाचा खारटपणाच गेला तर ते कशाच्या उपयोगाचं?

मी घसा साफ केला. "चांगला मानूस मिठावानी हाय. पन मिठाला खारटपना नाय, तं..."

"मास्तर," हाशाबाबा म्हणाले, "सायब बोलला तां समाजलं. तुमी बोलताव तां नाय समाजत."

मी बांधावर जाऊन बसलो.

"सायब," हाशाबाबा ओढणं थांबवून म्हणाले, "माजा बापूस ह्याच आगरान मेला. मी पोर व्हतो तवापासून मीठ वढतंय. मीठ आलनी होतं, ह्या कोनी सांगितला तुमाला?"

"ख्रिस्ताने सांगितलं."

"त्याचं मिठागर व्हतं?"

"नाही. सुतारकाम होतं."

"मंग," हाशाबाबा म्हणाले, आणि पुन्हा मीठ ओढायला लागले. जगातल्या यच्चयावत सुतारांनी मिठाच्या भानगडीत पडू नये, असं सगळं त्या 'मंग'मध्ये आलं.

दुसरा कोणी असता तर त्याने उदाहरण बदललं असतं. शमुवेलरावांचं जेवण गेलं. ख्रिस्त चुकला असेल हे त्यांना शक्य वाटेना आणि हाशाबाबा चुकले असतील हेही. महिनाभर ते ज्याला त्याला विचारत होते, मीठ आळणी होतं का? वाणी घाबरला. त्याला वाटलं, तक्रार आलीय. मग अवकाळीची एक सर येऊन गेली आणि हाशाबाबांचा निरोप आला, सायबाला पाठवा. साहेब गेले. उघड्यावर राहिलेल्या एका राशीतलं मीठ पाण्याबरोबर निघून गेलं होतं आणि खाली करडा-पांढरा गाळ बसला होता. हाशाबाबांनी त्यातला चिमूटभर त्यांच्या हातावर ठेवला. "चाखा." साहेबांनी चाखला. चिखल.

"ह्या वाटंवर टाकतंव आमी. पायाखाली," हाशाबाबा म्हणाले. "तुमचा सुतार बरोबर बोलला."

शमुवेलराव तो गाळ रुमालात बांधून तसेच माझ्या घरी आले आणि मलाही चाखायला लावला. "गुरुजी, खचित," एवढंच म्हणत होते. डोळ्यांत पाणी. हाशाबाबांनी त्यानंतर दर शनिवारी त्यांचं ऐकायचं कबूल केलं. अट एकच, मीठ भरताना. शमुवेलराव सांगत आणि पाट्या उचलत. हाशाबाबांनी वर्षानुवर्षं ऐकलं, सगळं मान्य केलं, आणि एकाही वर्षी आपल्या देवीची जत्रा चुकवली नाही.

असा हा माणूस रोज संध्याकाळी सहाला माझ्या ओटीवर येई. सायकल कुंपणाला टेकवे, चहा घेई आणि मग खिशातून एक कागद काढे. ते गावात वाटायची पत्रकं स्वतः लिहीत. छापायला देण्याआधी कच्चा मजकूर मला दाखवायचा, हा ठरलेला क्रम. कागद पुढे करताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "मजकुराकडे लक्ष देऊ नका, गुरुजी. फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहा."

मी पाही. माझ्यासारख्या माणसाला ती मेजवानीच होती. 'आशीर्वाद' लिहिताना शी हटकून ऱ्हस्व. 'दुःखा'तला विसर्ग गायब. आणि 'पश्चात्तापा'त तर ते दर वेळी एक त कमी घालत. नऊ वर्षं मी तो त तांबड्या पेन्सिलीने भरला. नऊ वर्षांत त्यांच्यात काडीची सुधारणा झाली नाही. मी हिला म्हणे, माणूस देवासारखा आहे, पण बुद्धी बेताची. चूक सापडावी म्हणून मी एकेक ओळ तीन-तीनदा वाची.

एके दिवशी जेवताना ही सहज म्हणाली, "शमुवेलरावांनी मला त्यांच्या देवाविषयी सांगितलं हो. तुम्ही शाळेत होतात तेव्हा. छान सांगतात."

"तुला सांगितलं?"

"समोरच्या काकूंनाही सांगितलं. तुम्हाला काय सांगतात?"

मी आठवून पाहिलं. नऊ वर्षं, रोज संध्याकाळ. पावसापाण्याचं बोललो होतो, बाजारभावाचं बोललो होतो, माझ्या हेडमास्तरांविषयी तर खूपच बोललो होतो. देवाविषयी एक अक्षर नाही. कधी विषय निघालाच तर शमुवेलराव खाडीकडे बघत.

"काही नाही सांगत," मी म्हणालो.

हिने ताटात भात वाढला. "मग सोडली असेल तुमची आशा," ती म्हणाली.

आता मला ख्रिस्ती व्हायचं होतं, अशातला भाग नाही. पण पळस्प्याच्या सडकेवरच्या वाटसरूला जे मिळतं, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत जे पोचतं, ते मला मिळू नये? धर्म सांगितला नाही म्हणून रुसलेला पनवेलीतला पहिला माणूस मी असेन. संध्याकाळी ते आल्या आल्या मी तोफ डागली.

"शमुवेलराव, तुम्ही सगळ्यांना सांगता. मलाच का नाही सांगत? माझा आत्मा काय रद्दीत घालायचा आहे?"

त्यांच्या हातातली बशी कलली. चहा धोतरावर सांडला तो त्यांनी पुसलाही नाही. उठून कुंपणाला टेकवलेली सायकल हातात घेतली. मग म्हणाले, "उद्या सांगेन." त्यात खचित नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कोट घालून आले. बटणं घरूनच लावलेली. रोज ओटीच्या कडेला पाय सोडून बसणारा माणूस त्या दिवशी खुर्चीवर बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून सुरू झाला. मी त्यांना शेकडो वेळा बोलताना ऐकलं होतं, बाजारात, धक्क्यावर, मिठागरावर. कुठे अडखळायचे नाहीत. त्या दिवशी शब्द फुटेना. "गुरुजी, देव जो आहे... म्हणजे तुमच्यासाठीसुद्धा तो..." कपाळावरचा तो वण घामाने चमकत होता. शेवटी त्यांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि एका दमात म्हणाले, "तुम्ही कसेही असा, गुरुजी, देव तुमचे सगळे पापे घेईल."

"तुमची," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले.

"तुमची सगळी पापे. पाप नपुंसकलिंगी. 'तुमचे पापे घेईल' म्हणजे मुके घेईल असं होतं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ निभावलं असतं. पण हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर ते दृश्य उभं राहिलं, आणि मला हसू आलं. साधं नव्हे, पोट धरून. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हिचं हसणं. शमुवेलराव उभे राहिले. "बरोबर आहे," म्हणाले. "नपुंसकलिंगी." आणि ओटीवरून उतरून चक्क सायकलवर बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पहिले दोन दिवस मी स्वतःला सांगितलं की चूक दाखवणं हे शिक्षकाचं कामच आहे. चौथ्या दिवशी मी सहाला रस्त्याकडे तोंड करून बसलो. पाचव्या दिवशी हिने दोन कप चहा आणला, एक परत नेला, आणि म्हणाली, "अहो, माणूस गमावाल अशाने. जा की." सहाव्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर मी तडक त्यांच्या घरी गेलो.

मार्थावहिनी, म्हणजे त्यांची बायको, पायरीवर तांदूळ निवडत होत्या. शमुवेलराव डोंगराकडेच्या कातकरी वाडीवर टोचायला गेलेले. मी चाचरत म्हणालो, "फार रागावलेत का?"

"रागावता आलं असतं तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, नगरला असताना त्यांना एक मित्र होते. रोज बुद्धिबळ खेळायचे दोघं. ह्यांनी एक दिवस त्यांना देवाचं सांगितलं. ते दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. हे महिनाभर पट मांडून बसत होते. इथं तुम्ही भेटलात, तेव्हा ह्यांनी देवालाच सांगून टाकलं, की ह्या एका माणसाला मी सांगणार नाही. हा गेला तर मला दुसरा नाही. सगळ्या गावाला सांगतो, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला सांगत नाही, ह्याची रोज प्रार्थनेत माफी मागतात."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पण पत्रकं तर मलाच दाखवत होते. शुद्धलेखनासाठी."

वहिनींनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "शुद्धलेखनात त्यांचा शाळेत पहिला नंबर असायचा."

मला कळायला वेळ लागला.

"चुका घालायला त्यांना किती वेळ लागतो, विचारा मला," वहिनी म्हणाल्या. "लिहून झालं की बसायचे शोधत, कुठं घालू, कुठं घालू. चूक नसली तर तुम्ही वाचणार नाही म्हणायचे. नऊ वर्षांत खरी चूक त्यांनी एकच केली. ते पापे."

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी शमुवेलराव दिसले. सायकल हातात. मला बघून जागच्या जागी थांबले. पुढे यावं की मागे फिरावं, हे त्यांना ठरवता येईना. मी उठलो. वाटेत मी एक मोठी क्षमायाचना तयार केली होती, तिचं पहिलं वाक्यसुद्धा आठवेना.

"शमुवेलराव," मी म्हणालो, "त्या दिवशीचं अर्धं राहिलं. मी ऐकायला आलोय. मध्ये बोलणार नाही."

त्यांनी सायकल भिंतीला लावली. हात धुतले. बाह्या सोडायला घेतल्या आणि अर्ध्यावरच राहू दिल्या. पायरीवर माझ्याशेजारी बसले आणि सांगायला लागले. अर्धा तास सांगत होते. आवाज बाजारातला नव्हता. शेजारी आजारी माणूस झोपलेला असावा तसा होता. एकदाही अडखळले नाहीत. वहिनी तांदूळ घेऊन आत गेल्या, चुलीवर आधण ठेवलं, आणि हे सांगतच होते. मग थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय वाटलं, गुरुजी?"

आता वेळ माझी होती. मला पुष्कळ काही वाटलं होतं. पण तोंडातून एकच वाक्य बाहेर पडलं, आणि तेही माझ्या धंद्याचं.

"एकसुद्धा चूक नव्हती."

शमुवेलरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं.

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या कानावर शाळेतून तशाच राहिलेल्या तांबड्या पेन्सिलीकडे.

"देवानं ह्यांना कान दिलेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ते नुसते पेन्सिल अडकवायला."